वाचनालयाच्या जुन्या अहवालांचं ओसीआर : प्रकल्प नोंदी

३ जून २०२४, सोमवार

साहित्य: सदाशिव पेठेतल्या एका सार्वजनिक वाचनालयाचे १९३४ ते १९६५ या काळातले छापील वार्षिक अहवाल. २९ पुस्तिका, मलपृष्ठांसह १,१०६ पानं. तीन वर्षांचे अहवाल सापडलेले नाहीत. आकार साधारण ए-फाइव्ह, छपाई सगळी खिळ्यांची. कागद पिवळा आणि ठिसूळ, दोन पुस्तिकांना वाळवी लागलेली. प्रत्येक पुस्तिकेत मजकुराचे तीन प्रकार आहेत: सलग निवेदन, देणगीदारांच्या दोन रकान्यांतल्या याद्या आणि जमाखर्च.

ओसीआर, म्हणजे पानाच्या चित्रातली अक्षरं सॉफ्टवेअरने ओळखणं, वापरून दोन गोष्टी हव्या आहेत: शोध घेता येईल असा पीडीएफ आणि दुरुस्त करता येईल असा युनिकोड मजकूर. ही दोन वेगळी कामं आहेत. पीडीएफमध्ये मूळ पानाचं चित्र समोर असतं, त्यामुळे खालच्या थरातल्या काही चुका चालून जातात. नुसत्या मजकुराला मात्र पाठीशी चित्र नसतं.

पहिल्याच दिवशी एक नियम ठरला: छापलंय तसंच उतरवायचं. १९६२ च्या शुद्धलेखन नियमांआधीचे अनुस्वार (नांव, कांहीं, पुण्यांत, केलें) तसेच राहतील. शुद्धलेखन आधुनिक करायचं असेल तर ते नंतर वेगळ्या प्रतीत करता येईल. एकदा गेलेले अनुस्वार मजकुरावरून परत आणता येत नाहीत.

५ जून

स्कॅनरला हात लावण्याआधी जुन्या संगणकातल्या फायली पाहिल्या. १९४७ आणि १९४८ चे अहवाल पूर्वी कुणीतरी श्रीलिपी या जुन्या फॉन्ट-संचात टंकून ठेवले आहेत. पीडीएफ उघडतो, अक्षरं सुबक दिसतात, पण मजकूर कॉपी करून चिकटवला की रोमन अक्षरं आणि चिन्हांची खिचडी येते. अशा फायलींना ओसीआर लावू नये. या फॉन्टमध्ये मराठी अक्षरं इंग्रजी अक्षरांच्या जागांवर बसवलेली असतात. कोणत्या जागी कोणतं अक्षर आहे, याचा तक्ता असलेलं फॉन्ट-रूपांतरक वापरलं की मजकूर जवळजवळ निर्दोष मिळतो.

रूपांतरक अडखळतात ते ऱ्हस्व वेलांटी आणि रफार इथे. जुन्या फॉन्टमध्ये वेलांटी व्यंजनाच्या आधी टंकलेली असते, युनिकोडमध्ये ती नंतर येते. रफार जुन्या फॉन्टमध्ये अक्षराच्या शेवटी, तर युनिकोडमध्ये सुरुवातीला. चाचणीला तीन शब्द पुरतात: कार्यकारिणी, निर्मिती, वर्षांची. हे तिन्ही नीट आले तर बाकीचं बहुधा येतं. पीडीएफ कोणत्या जातीचा आहे ते गुणधर्मांच्या खिडकीत फॉन्टची यादी पाहून कळतं. एकही फॉन्ट दिसत नसेल तर ते नुसतं चित्र आहे.

स्कॅन करायच्या पुस्तिका उरल्या २७.

१० जून

स्कॅनर ठरला. सपाट काचेचे स्कॅनर दोन जातींचे येतात. पातळ, स्वस्त आणि यूएसबीवरच चालणाऱ्यांत सीआयएस संवेदक असतो. काचेला टेकलेला कागद तो छान टिपतो, पण शिवणीजवळ कागद दोन-तीन मिलिमीटर उचलला गेला की अक्षरं धूसर होतात. सीसीडी संवेदक असलेला जाड स्कॅनर असा उचललेला कागदही स्पष्ट टिपतो. पुस्तिका बांधीव आहेत आणि शिवण उसवायची नाही, म्हणून सीसीडी घेतला.

रिझोल्यूशन किती ठेवायचं हे अनुस्वारावरून ठरवलं. या छपाईत अनुस्वाराचा व्यास साधारण अर्धा मिलिमीटर आहे. दीडशे डीपीआयला (इंचाला दीडशे ठिपके) तो तीन पिक्सेल भरतो, दोनशेला चार, तीनशेला सहा, चारशेला आठ. तीनशे चालतं असं सगळीकडे सांगतात आणि आजच्या ऑफसेट छपाईला ते पुरतंही. इथे शाई अर्धवट लागलेले ठिपके खूप आहेत, म्हणून ४०० डीपीआय. सहाशेला चाचणीत फायदा दिसला नाही, वेळ मात्र दुपटीहून जास्त लागला.

फायली रंगीत टिफ. ए-फाइव्हचं एक पान ४०० डीपीआयला, न दाबता, सुमारे २३ एमबी भरतं. सगळ्या पानांना २५ जीबीच्या आसपास जागा लागेल. एलझेडब्ल्यू पद्धतीने दाबलं तरी काही हरवत नाही, ते वापरावं. मूळ प्रत जेपेगमध्ये ठेवू नये, अक्षरांच्या कडांना मळ चढतो.

रंगीत घेण्याचं कारण: पिवळ्या कागदाचा लाल रंगथर वेगळा काढला की कागद पांढरा होतो आणि काळी शाई काळीच राहते. लाल शिक्काही त्यात विरून जातो. निळा-जांभळा शिक्का निळ्या थरात फिका पडतो, पण त्याच थरात पिवळा कागद काळवंडतो. म्हणून शिक्क्याची पानं बाजूला काढून त्यांचा थर हाताने निवडला. स्कॅन करतानाच करडं किंवा काळं-पांढरं केलं की ही निवड हातातून जाते.

पानाच्या मागे काळा कार्डशीट ठेवला. पांढऱ्या झाकणामुळे पाठीमागची छपाई आरपार दिसत होती आणि ती अक्षरं ओसीआर वाचत होतं.

१३ जून

चाचणीसाठी तीन पानं निवडली, प्रत्येक प्रकाराचं एक. ती दोघांनी स्वतंत्रपणे टंकली, फरक मूळ पानावरून मिटवले. आता प्रत्येक सॉफ्टवेअरचं उत्तर याच्याशी ताडून पाहता येईल. ही तयारी न करता सॉफ्टवेअर निवडलं तर मजकूर वरवर नीट दिसतो आणि आपण फसतो.

१८ जून

चाचणीतली एक ओळ, छापील आणि टेसरॅक्ट या ओसीआर सॉफ्टवेअरने वाचलेली:

छापील: या वर्षीं वाचनालयांत ८१ नवीं पुस्तकें विकत घेतलीं. कपाट अपुरें पडूं लागलें आहे.

टेसरॅक्ट: या वर्षी वाचनालयांत ८९ नवी पुस्तकें विकत घेतली. कपाट अपुरे पडूं लागले आहे.

शब्द सगळे ओळखले. आठ अनुस्वारांपैकी पाच गेले आणि ८१ चे ८९ झाले. अर्थाला धक्का नाही म्हणून नुसतं वाचणाऱ्याला हे दिसणारच नाही. ‘वर्षीं’मध्ये रफार, वेलांटीचा फाटा आणि अनुस्वार एकाच ठिकाणी दाटलेले असतात. शाई पसरली की तिघांचा एक गोळा होतो. पण ‘अपुरें’चा ठिपका सुटा आणि ठळक होता, तोही गेला. मॉडेल बहुतांश आजच्या मजकुरावर शिकलेलं असल्यामुळे ते सवयीचं रूप पसंत करतं.

सॉफ्टवेअरनिहाय निष्कर्ष:

टेसरॅक्ट, पाचवी मालिका. मोफत, मुक्त स्रोत, इंटरनेटशिवाय चालतं. विंडोजवर बसवताना मराठीचा भाषा-संच आपोआप येत नाही, जादा भाषांच्या यादीत तो वेगळा निवडावा लागतो. लिनक्सवरही मराठीचं पॅकेज वेगळं आहे. संचाच्या ‘फास्ट’ आणि ‘बेस्ट’ अशा प्रतीही मिळतात. आपण ‘बेस्ट’ घेतला, कारण पुढे प्रशिक्षण द्यायचं झालं तर ते फक्त त्यालाच देता येतं. भाषा म्हणून मराठी आणि इंग्रजी एकत्र दिली तर १९३४ च्या पानांतले काही ‘ठ’ आणि ‘०’ इंग्रजी ओ होऊन आले. जिथे इंग्रजी मजकूर खरोखर आहे त्या पानांनाच दोन्ही द्यावं.

गूगल ड्राइव्ह. चित्रावर उजवी क्लिक करून गूगल डॉक्समध्ये उघडलं की वर चित्र आणि खाली मजकूर येतो. सलग निवेदनाला उत्तम, जोडाक्षरं टेसरॅक्टपेक्षा चांगली. फायलीला २ एमबीची मर्यादा आहे, त्यामुळे करड्या जेपेगची वेगळी प्रत करावी लागते. रकाने मोडतात. एकेक पान हाताने चढवणं हजार पानांना परवडणारं नाही. त्याच कंपनीची क्लाउड व्हिजन सेवा प्रोग्रॅममधून वापरता येते. तिथे महिन्याला पहिली हजार पानं मोफत असतात.

ईझीओसीआर. मराठी येतं. फलक, पाट्या, फोटोतली अक्षरं यांना बरं. भरगच्च पानात ओळींचे तुकडे होऊन क्रम विस्कटला.

चित्र देऊन मजकूर मागता येणारी मोठी भाषा-मॉडेलं. वाचायला सर्वांत ओघवतं उत्तर यांचंच, आणि या कामाला सर्वांत धोकादायकही. न सांगता ‘नांव’चं ‘नाव’ होतं, आणि वाळवीने खाल्लेल्या जागी शोभेल असा शब्द भरलेला असतो. त्या जागी कागदावर भोक आहे हे मजकुरावरून कळायला मार्ग नाही.

निर्णय: मुख्य वाचन टेसरॅक्टचं, दुसरं वाचन क्लाउड व्हिजनचं. दोन्ही मजकूर शब्दाशब्दाने जुळवायचे. जिथे ते वेगळे तिथे माणसाने आधी पाहायचं. अनुस्वार मात्र दोन्हीकडे गळतात, त्यामुळे या जुळणीत ते सापडणार नाहीत. त्यांची तपासणी वेगळी.

२१ जून

स्कॅनटेलर ॲडव्हान्स्ड या स्कॅन नीटनेटके करणाऱ्या प्रोग्रॅममधून पहिल्या चार पुस्तिका काढल्या: पानं विभागणं, तिरकेपणा काढणं, मजकुराची चौकट, समास, मग अंतिम प्रत. पानं चकचकीत झाली. तरीही अनुस्वार आधीपेक्षा कमी आले. कारण ठिपके साफ करण्याची सोय. कागदावरचे डाग घालवायला ती तीव्रवर ठेवली होती. शाई जेमतेम लागलेला अनुस्वार काळा-पांढरा केल्यावर चार-पाच पिक्सेलचा उरतो, आणि प्रोग्रॅमच्या लेखी तो आणि माशीचा डाग सारखेच.

ही सफाई पूर्ण बंद केली, चारही पुस्तिका पुन्हा काढल्या. आता उलट चूक होते, डागाचा अनुस्वार होतो आणि ‘प्रयत्न केले’चं ‘प्रयत्न केलें’ होतं. पण ही चूक प्रतीत राहते, चित्राशी ताडून काढता येते. पुसलेला ठिपका मात्र त्या प्रतीत शोधायलाच जागा नसते.

ओसीआरमायपीडीएफ (पीडीएफला ओसीआरच्या मजकुराचा थर जोडणारं साधन) वापरणाऱ्यांनी हेच ‘क्लीन’ पर्यायाबाबत लक्षात ठेवावं. त्यात साफ केलेलं चित्र फक्त ओळखण्यासाठी वापरलं जातं, पीडीएफमध्ये मूळ चित्रच राहतं. म्हणजे डोळ्याला ठिपका दिसत राहतो आणि खालच्या मजकुरात नसतो.

काळं-पांढरं करण्याचं काम टेसरॅक्टवरच सोपवलं. त्याची नेहमीची ओत्सू पद्धत पूर्ण पानाला एकच उंबरठा (कुठल्या छटेपासून काळं धरायचं ती सीमा) लावते. कडेला तपकिरी आणि मध्ये फिकट असलेल्या पानावर ती कडेची अक्षरं भरून टाकते. पाचव्या मालिकेत सावोला पद्धत निवडता येते. ती आजूबाजूचा उजेड पाहून उंबरठा ठरवते. अशा पानांवर फरक लगेच दिसला.

२ जुलै

पालखीच्या मुक्कामामुळे दोन दिवस काम बंद. आज पानं ओलसर लागली, काचेवर नीट बसत नाहीत आणि ओळी लाटेसारख्या येतात. पुस्तिका रात्री कपाटात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवायच्या, सकाळी अकराच्या आधी स्कॅन करायचं नाही.

वीज गेली की चालू असलेलं काम अर्धवट राहतं आणि पूर्ण पीडीएफ पुन्हा करावा लागतो. आता प्रत्येक पान स्वतंत्र चालवतो, उत्तराची फाइल आधीच असेल तर ते पान सोडून पुढे जायचं.

९ जुलै

दिसायला सारखी, आतून वेगळी अक्षरं. शोध लागेना म्हणून हे सापडलं.

‘दुसऱ्या’ हा शब्द शोधला, निम्मेच सापडले. पाय मोडका र दोन प्रकारे लिहिला जातो: ऱ, हलन्त, य असा, किंवा साधा र, हलन्त, न दिसणारा जोडक आणि य असा. पडद्यावर फरक नाही, शोधताना आहे. हा जोडक गळाला तर मात्र पडद्यावरही ‘दुसर्या’ दिसतं. सगळीकडे पहिला प्रकार ठरवला. इनस्क्रिप्ट कळफलकावर शिफ्ट दाबून जे या कळीवर ऱ मिळतो.

‘ॲ’ हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ मध्ये आलं. त्याआधीच्या सवयीने अ आणि चंद्र वेगळे टंकतात. युनिकोडचं प्रमाणीकरण या दोघांना एक करत नाही, बदल स्वतःच करावा लागतो. काना आणि अनुस्वाराचा क्रमही तपासला, आधी काना, मग अनुस्वार.

मॉडेल ळ आणि ल, ष आणि प, घ आणि ध, थ आणि य यांत चुकतं. या चुका पानागणिक बदलतात, सरसकट बदल करू नयेत.

१६ जुलै

जमाखर्च. इथे सॉफ्टवेअरपेक्षा जुनी नाणेपद्धत जास्त कामाला आली.

रकाने तीन: रुपये, आणे, पै. १६ आण्यांचा रुपया, १२ पैंचा आणा. म्हणून आण्याच्या रकान्यात १५ च्या वर आणि पैच्या रकान्यात ११ च्या वर आकडा आला की तो नक्की चुकलेला. हा नियम १ एप्रिल १९५७ च्या आधीच्या हिशेबांना. त्यानंतर शंभर नव्या पैशांचा रुपया झाला, १९५७-५८ च्या अहवालात दोन्ही पद्धती दिसतात.

दुसरी तपासणी बेरजेची. १९४१ च्या अहवालातलं एक उदाहरण. ओसीआरने दिलेल्या रकमा ८७-१२-६, ४५-१-३, १२-४-०. बेरीज १४५-१-९ होते. छापील बेरीज १४५-९-९. फरक बरोबर आठ आण्यांचा. फरक आठ, ऐंशी किंवा आठशे आला की आधी १ आणि ९ पाहावे, कारण या खिळ्यांत एकाचं आणि नवाचं डोकं जवळजवळ सारखं आहे. मूळ पानावर मधली रक्कम ४५-९-३ होती. दोन चुका एकमेकींना खोडत असतील तर बेरीज जुळूनही आकडे चुकीचे असू शकतात, म्हणून जुळलेली पानंही एकदा नजरेखालून घालायची. छापील बेरीजच चुकलेली असेल तर ती तशीच ठेवायची आणि टीप द्यायची. अशा दोन जागा सापडल्या.

वर्गणीच्या दरांत पाव, अर्धा, पाऊण यांच्या जुन्या खुणा आहेत: १। म्हणजे सव्वा, २॥ म्हणजे अडीच, १॥। म्हणजे पावणेदोन. ओसीआर उभ्या रेघेला एकचा आकडा समजतं आणि अडीच रुपयांचे दोनशे अकरा होतात. ‘वर्गणी’ आणि ‘किंमत’ या शब्दांनंतरचा प्रत्येक आकडा हाताने पाहिला.

तक्त्यांसाठी पान पूर्ण न देता प्रत्येक रकाना वेगळा कापून दिला, टेसरॅक्टचा पानाच्या मांडणीचा पर्याय ६, म्हणजे सलग एकच ठोकळा. निवेदनाला ४. देणगीदारांच्या याद्याही आधी मधोमध कापल्या, नाहीतर डावीकडचं नाव उजवीकडच्या रकमेला चिकटतं.

२२ जुलै

प्रशिक्षण. टेसरॅक्टचं मॉडेल आपल्या छपाईवर शिकवण्यासाठीच्या टेसट्रेन संचात एका ओळीचं चित्र आणि त्याच नावाची मजकूर फाइल अशी जोडी द्यावी लागते. ६०० ओळी तयार केल्या, १९३४ ते १९५० मधल्या नऊ पुस्तिकांतून सारख्या प्रमाणात. एकाच पुस्तिकेतून घेतल्या तर मॉडेल त्याच खिळ्यांना सरावतं. नव्वद टक्के ओळी शिकण्याला, दहा टक्के तपासणीला, हा संचाचाच नेहमीचा वाटा.

या ६०० ओळी टंकतानाच ‘छापलंय तसंच’ हा नियम सगळ्यांत जास्त मोडला गेला. हात सवयीने ‘केले’ टंकतो. अशा ओळी शिकवल्या तर मॉडेल अनुस्वार गाळायलाच शिकतं. दोनदा मुद्रितशोधन केल्यावर ४१ ओळींत अनुस्वार सुटलेले सापडले. काही ओळी एन्कोड करता येत नाहीत असा इशारा आला. त्यांत पाऊणच्या खुणा किंवा तो न दिसणारा जोडक होता. ९ जुलैचं प्रमाणीकरण लावल्यावर बहुतेक इशारे गेले.

चाचणीची तीन पानं प्रशिक्षणात घेतलेली नाहीत. निवेदनाच्या पानावर आधी अनुस्वाराच्या ३७ चुका होत्या, आता ११. त्यांतल्या बहुतेक ‘वर्षीं’सारख्या, माथ्यावर गर्दी असलेल्या अक्षरांच्या. आकड्यांत फारसा फरक पडला नाही.

६ ऑगस्ट

मुद्रितशोधनाची रीत ठरली. मराठी विकिस्रोतात पानांना लाल, पिवळा, हिरवा दर्जा देतात, तीच पद्धत आपल्या तक्त्यात घेतली: न तपासलेलं, एकाने तपासलेलं, दुसऱ्यानेही तपासलेलं. दुसरा माणूस वेगळाच हवा. डावीकडे चित्र, उजवीकडे मजकूर. टेसरॅक्ट प्रत्येक शब्दाला खात्रीचा आकडा देतं. ७० च्या खालचे शब्द रंगवून दिले. पण अनुस्वार गाळलेला ‘केले’ त्याला पूर्ण खात्रीचा वाटतो, तो कधीच रंगत नाही.

म्हणून अनुस्वारासाठी वेगळी यादी. १९६२ पूर्वीच्या अहवालात ‘ात’ने संपणारा प्रत्येक शब्द संशयित. तिथे सप्तमी असेल तर ‘पुण्यांत’, ‘वर्षांत’ असा अनुस्वार हवाच. हात, सात, जात, गुजरात अशा शब्दांची अपवादयादी केली. ‘ने’ने संपणारी तृतीया तशीच पाहिली, ‘संस्थेने’ दिसलं की मूळ पान उघडायचं. केले आणि केलें यांना मात्र नियम लावता येत नाही. ‘प्रयत्न केले’ आणि ‘काम केलें’ दोन्ही बरोबर आहेत, तिथे चित्रच पाहावं लागतं. १९६३ पासूनच्या तीन पुस्तिकांत काही पानं नव्या नियमांची, काही जुन्या, कधी एकाच परिच्छेदात दोन्ही. त्यांना ही यादी लावली नाही, ओळ न ओळ वाचली.

एका पानाला सरासरी किती वेळ लागतो ते तिन्ही प्रकारांसाठी वेगळं लिहून ठेवावं. जमाखर्चाचं पान निवेदनाच्या तिप्पट वेळ खातं, आणि काम वाटून देताना हे धरलं नाही की एकाच माणसावर ओझं पडतं.

१४ ऑगस्ट

पीडीएफ बनवताना चित्रं दाबण्याचा जेबिग-टू हा प्रकार हानीसह वापरायचा नाही. त्यात सारखे दिसणारे अक्षराकार एकमेकांच्या जागी बसवले जातात. २०१३ मध्ये जर्मनीतले संगणकतज्ज्ञ डेव्हिड क्रीझेल यांनी दाखवलं होतं की अशा दाबण्याने स्कॅन केलेल्या कागदावरचे आकडेच बदलतात, सहाचे आठ होतात. देवनागरीत ब आणि व, ष आणि प एका रेघेने वेगळे आहेत. हानीरहित प्रकार ठेवला.

दुरुस्त मजकूर पीडीएफच्या आतल्या थरात आपोआप जात नाही, तिथे ओसीआरचं जुनं वाचन राहतं. त्यासाठी शब्दांच्या जागांसह असलेली एचओसीआर फाइल दुरुस्त करून तिच्यापासून पीडीएफ पुन्हा बनवावा लागतो. हे सध्या हिरव्या पानांपुरतं करत आहोत. फायलींची नावं वर्ष आणि पान अशी, १९४१-०१७. पान क्रमांक छापील नाही, चित्राचा, कारण चार पुस्तिकांत छापील क्रमांकच चुकलेले आहेत.

आजची स्थिती: हिरवी पानं ३१८, पिवळी २४४, बाकी लाल. वाळवी लागलेल्या दोन पुस्तिकांत जिथे भोक आहे तिथे चौकटी कंसात तीन टिंबं, आणि अक्षराचा अर्धा भाग दिसत असेल तर तेवढंच अक्षर.